हिरव्या टिकल्या

हिंगोलीच्या मॅडमनी सांगितलेलं शीतलला पुरतं कळलं होतं. तिच्या कुरुंद्याच्या घरात मात्र ते दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं, आणि त्यानंच तिचं डोकं उठलं होतं.

सपना पाच वर्षांची. काही हवं असलं की असा टाहो फोडायची की गल्लीतली दारं उघडायची. बालवाडीच्या बाईंनीही शेवटी हात टेकले. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर पोरीला आणू नका, म्हणाल्या. म्हणून शीतल तिला घेऊन मुलांच्या वागण्यावर उपचार करणाऱ्या मॅडमकडे गेली. मॅडमनी औषध दिलं नाही की पोरीला दटावलं नाही. "ओरडल्यावर तिला काहीतरी मिळतं, म्हणून ती ओरडते. काय मिळतं ते शोधा आणि ओरडून ते मिळणं बंद करा. हळू मागितलं की मात्र लगेच दाद द्या. सुरुवातीला ओरडणं वाढेल, घाबरू नका," एवढंच म्हणाल्या.

काय मिळतं ते शोधायला शीतलला लांब जायची गरज नव्हती. सासूबाईंच्या, पद्माबाईंच्या, पदराआड बिस्किटाचा पुडा असायचा. तिनं त्याच दिवशी बिस्किटं बंद केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी टिकल्यांचं पाकीट अडकवलं. हळू मागितलं की कॅलेंडरवर एक हिरवी टिकली. दहा टिकल्या झाल्या की सिद्धेश्वरचं धरण बघायला जायचं.

मग काय विचारता! ओरडणं वाढेल असं मॅडम म्हणाल्या होत्या, छप्पर उडेल असं नव्हत्या म्हणाल्या. लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला घेतलेले, आणि मागं पोरगी जमिनीवर गडाबडा लोळतेय. दर वेळी शीतल मशीन थांबवायची, वळायची आणि दात आवळून बजावायची, "ओरडून काही मिळणार न्हाई, कळलं?" पुन्हा मशीन, पुन्हा किंकाळी. शेजारच्या मिराबाई दारातून डोकावल्या, "लेकराला मारून राहिली का गं?" त्यांनाही थेरपी समजावून सांगायची म्हणजे हद्दच झाली.

आठव्या दिवशी तिनं कॅलेंडर पाहिलं. नऊ टिकल्या! तिनं स्वतः लावलेल्या फक्त दोन होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्याबाई, ह्या तुमी लावल्या?"

"व्हय." पद्माबाई दारात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तरी म्हणलं फरक काहून पडंना! आमी इथं जीव तोडून राहिलो अन् तुमी पोरीला फुकटच्या टिकल्या वाटून राहिल्या!"

"फुकट एकबी न्हाई," पद्माबाई म्हणाल्या. "म्या रोज इथं बसून बघून राहिले. ती आधी मम्मी म्हणती. हळूच. दोनदा, तीनदा. तुही मशीन चालूच. मंग वरडती, की मशीन थांबती. तू तिच्याकडं तोंड करून बोलती बी. बिस्कीट तर म्या कवाच बंद केलं. मंग तिला वरडून काय भेटून राहिलं, सांग बरं?"

शीतलनं वळून मशीनकडं पाहिलं.

"हळू मागितलं की टिकली, तूच म्हणली व्हतीस," पद्माबाई म्हणाल्या. "तिनं मागितलं. तुला ऐकू आलं न्हाई, त्याला ती काय करंल?"

शीतलला सासूचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती तणतणत मशीनवर बसली आणि पाय हाणायला लागली. एका बाहीची शिवण अर्ध्यावर गेली असेल, तोच तिला मागून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. तिनं पाय थांबवला.

"मम्मी," सपना म्हणत होती.

"काय गं, बाळा?"

सपनानं ओरडण्यासाठी ओढलेला श्वास तसाच राहिला. काय मागायचं ते तिला आठवेना. इतक्या लवकर कुणी वळलेलं तिनं पाहिलंच नव्हतं. मग ती जवळ आली आणि आईच्या मांडीला टेकून उभी राहिली. शीतलला रडू आवरलं नाही.

पद्माबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. त्यांनी सपनाची दहावी टिकली लावली. मग पाकिटातून आणखी एक काढली आणि कॅलेंडरच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कोऱ्या जागेवर दाबून बसवली.

"ही तुही," त्या शीतलला म्हणाल्या. "पहिली."