पहिला टेक

दिपेशला अश्फाक मुकादमचा हेवा वाटायचा, आणि हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. दिपेशच्या घरची शीळफाट्याला जमीन, दारात गाडी, बाप काळुराम गावात मानाचा. अश्फाक मात्र कल्याणला दूधनाक्याजवळ दोन खोल्यांत राहायचा, मोबाइलच्या दुकानात नोकरी करायचा. पण कॉलेजपासून एकांकिकेत अभिनयाचं बक्षीस कुणाला? तर त्या अश्फाकलाच. एकदा पठ्ठ्या भटजी झालेला, तर परीक्षकच दिपेशला विचारतात, हा मुलगा खरंच पूजा सांगतो का हो? दिपेशच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

यंदा काळुरामच्या जागेवर हिंदी सिनेमाचा सेट उभा राहिला. प्लायवूडचा मुसलमान मोहल्ला. हिरव्या पताका, टांगलेले बोकड आणि उगाचच धूर. अतिरेक्याच्या धाकट्या भावाचं काम इथल्याच कुणा पोराला द्यायचं होतं. दिपेशने अश्फाकला याचा पत्ताही लागू दिला नव्हता. तरी ऑडिशनला तो आधीच येऊन बसलेला.

"दिप्या, ह्या मोहल्ल्यात शाळा नाही, दवाखाना नाही," अश्फाक सेट बघत म्हणाला. "लोक करतात काय रे, बोकड मोजतात?"

दिपेश हसला नाही. ह्याला तर ॲक्टिंगपण करायला नको, घरूनच मुसलमान होऊन आलाय, असं त्याच्या मनात आलं. स्वतः तो सिनेमे बघून तयारी करून आलेला. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, खांद्यावर चौकडीचा रुमाल, आणि दर वाक्याला 'जनाब'. अश्फाक दुकानातल्याच शर्टावर आला होता.

आणि काम मिळालं दिपेशला.

"अच्छा करते हो," दिग्दर्शक अश्फाकला म्हणाला, "लेकिन मुसलमान नहीं लगते." वर त्याला थांबवूनही घेतलं, ह्याला नमाज शिकव म्हणून. अश्फाकने दुकानातून रजा काढली आणि मुकाट्याने शिकवायला लागला.

खरं तर आता दिपेशने पेढे वाटायचे. पण छे! अश्फाक कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायचा, आणि दिपेशला आपला प्रत्येक शब्द खोटा वाटायचा. मेल्याला काम गेल्याचं दुःखसुद्धा धड होत नाही, म्हणून तो आणखीच जळायचा.

मग तो सीन आला. पोलीस दारात, आणि धाकटा भाऊ आईला सांगतो, जरा जाऊन येतो. दिपेशने आदल्या दिवशी अश्फाकला फोनवर बोलताना ऐकलेलं, "येतो गं अम्मी, तू जेवून घे." हळू, थोडं कंटाळून, कुणीही आईशी बोलतं तसं. दिपेशने जनाब गाळला, आवाज खाली आणला आणि तसंच बोलला. सेटवर कुणी हललं नाही. अश्फाककडे जे आहे ते हेच, आणि आज ते आपल्याला जमलं, हे दिपेशला त्याच क्षणी कळलं.

"कट! ये क्या था?" दिग्दर्शक वैतागला. "मुसलमान कहाँ गया? ये तो कोई भी लगता है. आँखें निकालो, आवाज़ भारी करो."

मी अस्सल तेच केलं, हे दिपेशच्या ओठांवर आलं होतं. पण बोलावं तर काम जाणार, आणि वर ते अश्फाकला मिळालं तर? "यस सर," तो म्हणाला. दुसऱ्या टेकला त्याने डोळे वटारले, घशातून गुरगुरला, आईलासुद्धा दम भरला. टाळ्या पडल्या.

दिपेश वळला तर अश्फाक बॅग खांद्याला लावत होता.

"निघतो रे. उद्यापासून येत नाही."

"आणि नमाजचा सीन?"

"तो त्यांना कसाही चालेल." अश्फाक दोन पावलं गेला, थांबला. "पहिला टेक माझ्यापेक्षा भारी होता, दिप्या. मला नसतं जमलं."

इतकी वर्षं हे एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला दिपेशचा जीव तरसला होता. तो तसाच धावत कॅमेऱ्यापाशी गेला आणि पहिला टेक एकदा दाखवा म्हणाला. कॅमेऱ्यावरच्या माणसाने मानही वर केली नाही. तो टेक बाद आहे, म्हणाला.