आईचा आवाज दुसऱ्या डिस्कवर

गेल्या महिन्यापासून आईचं बोलणं वाक्याच्या मध्येच अडकायला लागलं. "गॅस बंद" एवढं म्हणायची आणि पुढचं "केलास का" यायला मिनिटभर लागायचं. तोवर मी स्वयंपाकघरात जाऊन, गॅस बघून, परत येऊन बसलेली असायचे. यात दोष आईचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तिचं स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हापासून ती टाइप करते आणि तिचा लॅपटॉप बोलतो. त्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काठोकाठ भरली होती आणि वर चालताना कुरकुर आवाजही करायला लागली होती.

लॅपटॉपमधून येणारा आवाज कुणा परक्या बाईचा नाही, आईचाच आहे. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस ती एका बंद खोलीत माइकसमोर बसून सोळाशे वाक्यं वाचत होती. पुरेशी झोप घेऊन यायचं आणि हसतमुखाने, ताज्या आवाजात वाचायचं, अशी तिथल्या माणसाची ताकीद होती. त्या वाक्यांचे तुकडे जोडून प्रोग्रॅम तिला हवं ते बोलतो. म्हणजे आमच्या घरात नऊ वर्षं एक चोपन्न वर्षांची, पोटभर झोपलेली, हसतमुख बाई बोलते आहे. शेजारचे काका गेले तेव्हा "फार वाईट झालं" हे आईने काकूंना अशा सुरात सांगितलं, जणू काकांचा पहिला नंबर आला होता. काकूंनी ते मनावर घेतलं नाही, पण मी तिथून काढता पाय घेतला.

हा प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. नवा लॅपटॉप घेतला तरी त्यात तो बसवता येणार नाही, कारण मूळ सीडी नाही आणि ती चालू करून देणारं कुणी उरलेलं नाही. दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि दर रविवारी फोनवर सल्ले देतो. त्याचं म्हणणं, नवीन घेऊन टाक, पैसे मी पाठवतो. त्याला समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. उपाय एकच होता, क्लोनिंग. जुन्या डिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, जसंच्या तसं मोठ्या डिस्कवर उतरवायचं आणि ती लॅपटॉपमध्ये बसवायची. घर बदलायचं, पण भांडी होती त्याच फळीवर, होती त्याच क्रमाने लावायची, म्हणजे त्यातल्या माणसाला घर बदलल्याचा पत्ताही लागत नाही. प्रोग्रॅमला पत्ता लागलाच, तर मात्र तो उघडणार नाही आणि आई कायमची गप्प होईल. हे मला माहीत होतं आणि आईलाही मी सांगितलं होतं.

मी दुरुस्तीच्या दुकानात आठवड्याचे सहा दिवस हेच काम करते. बॅकअप ठेवा, बॅकअप ठेवा, असं गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडते. आईच्या आवाजाचा बॅकअप मी नऊ वर्षांत एकदाही घेतला नव्हता. घरी आल्यावर कॉम्प्युटरचं तोंड बघायची इच्छा उरत नाही, एवढंच त्याचं कारण आहे.

दुकानात आमचा एक नियम आहे. क्लोन सुरू करण्याआधी दुसऱ्या माणसाने मागे उभं राहून मोठ्याने विचारायचं, "कुठून? कुठे?" आणि करणाऱ्याने एकेका डिस्कवर बोट ठेवून उत्तर द्यायचं. त्याशिवाय बटण दाबायचं नाही. या कामात सगळ्यात वाईट चूक ही एकच. दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि भरलेली धुऊन निघते. आमच्या मालकांच्या हातून एका माणसाची बारा वर्षांची कामं अशी गेली, त्यानंतर हा नियम आला.

रविवारी सकाळी भांडी, कपडे, आईची औषधं उरकून मी टेबलाशी बसले. नवी डिस्क केबलने लॅपटॉपला जोडली, पेनड्राइव्हवरून क्लोनचा प्रोग्रॅम चालू केला. आता पाच-सहा तास आईचा आवाज बंद राहणार होता. मी तिच्यासमोर वही आणि पेन ठेवलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दिवसभर कुणी काही विचारणार नव्हतं, सांगणार नव्हतं. ते बरं वाटणं माझं मलाच आवडलं नाही, पण वाटलं खरं.

"कुठून, कुठे" विचारायला घरात कुणी नव्हतं. जी होती तिचाच आवाज मी बंद केला होता. मी भराभर क्लिक करत गेले. पुढच्या डिस्कवरचा सगळा मजकूर पुसला जाईल, चालेल का, असं पडद्यावर आलं. ते दर वेळी येतंच. तेवढ्यात आईने पेनाने टेबलावर टकटक केलं. मी म्हटलं, थांब ना जरा. तिने पुन्हा टकटक केलं, या वेळी जोरात. मी वर न बघताच वैतागून म्हटलं, दोन मिनिटं गप्प बसशील का. मग तिने उठून सरळ माझ्या बोटांवर तळहात दाबून धरला.

वहीत तिने लिहिलं होतं, "मोठ्यातून छोट्यात चाललंय. असंच असतं का?"

आई तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती. वेळापत्रकं आणि दरपत्रकं तपासायची. कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नाही, पण आकडे चुकीच्या जागी बसलेले तिला लांबून दिसतात. पडद्यावर डावीकडे नवी डिस्क होती, उजवीकडे जुनी, आणि बाण नवीकडून जुनीकडे गेला होता. मी आणखी एकदा बोट टेकवलं असतं तर आईचा आवाज मी माझ्या हाताने पुसला असता.

मी दिशा बदलली. बोट ठेवून ठेवून, मोठ्याने, स्वतःलाच दोनदा विचारलं. आईने मान डोलावल्यावर बटण दाबलं. पडद्यावर एक टक्का आला, आणि मग मला रडू फुटलं.

"मी थकले, आई," मी म्हटलं. "दुकानात लोकांच्या डिस्का, घरी हे. नऊ वर्षं झाली. दादा फोनवर बोलतो आणि सुटतो. मला आज तू गप्प बसणार म्हणून बरं वाटलं होतं, कळलं का? आणि तुझं काय, तू आपली कायम टवटवीत."

तिने पेन उचललं. काहीतरी लिहायला घेतलं, मग दोन शब्दांवरच थांबली आणि ते पान फाडून घडी घालून मुठीत ठेवलं. मीही काय लिहिलंस म्हणून विचारलं नाही.

टक्के सरकत राहिले. एरवी आई आतल्या खोलीतून बोलते आणि मी बाहेरून उत्तर देते, त्यामुळे आमची नजरानजर फारशी होत नाही. त्या दिवशी आवाज नव्हता, तर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिची मान पुढे आली होती. मला चहा हवाय का हे तिने वहीत विचारलं, तर अक्षर पार विस्कटलेलं होतं. तिचं अक्षर छापल्यासारखं असायचं. कप उचलताना तिने दुसऱ्या हाताचा आधार घेतला. दुपारी ती खुर्चीतच पेंगली, तेव्हा मला ती तिच्या वयापेक्षाही म्हातारी दिसली. ही बाई केव्हा अशी झाली, ते मला सांगता आलं नसतं.

चारच्या सुमाराला क्लोन पूर्ण झालं. मी लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर काढली, नवी बसवली. विंडोज सुरू झालं. आईचा तोच पडदा, तेच फोल्डर, तीच वेडीवाकडी रांग. मग मी बोलण्याच्या प्रोग्रॅमवर क्लिक केलं आणि गोल चक्र फिरायला लागलं. एरवी ते चार-पाच सेकंद फिरतं. या वेळी फिरतच राहिलं. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. नाहीच उघडला तर तिला काय सांगायचं याचा मी विचार करत होते.

प्रोग्रॅम उघडला.

मी खुर्चीवरून उठले आणि तिला बसवलं. तिने चष्मा सारखा केला, टाइप करायला घेतलं. बराच वेळ लागला, एक अक्षर चुकलं ते खोडून पुन्हा टाइप केलं. मग तिने बटण दाबलं. मध्ये कुठेही न अडकता, लख्ख, हसऱ्या आवाजात आई म्हणाली, "मीसुद्धा थकले गं. तुला रोज सांगते. पण या आवाजात तुला ते ऐकू येत नाही."

ती रोज सांगत होती, हे खरं होतं. संध्याकाळी मी दुकानातून आले की आतल्या खोलीतून "आज फार थकले" असं यायचं, आणि मी दारात चपला काढता काढता हसून "वा" म्हणायचे.