सतरा नंबरची पिशवी

तिने पिशवी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तपकिरी आवरणात सरकवली आणि वर नंबर लिहिण्याआधी कागद पुन्हा एकदा वाचला. रुग्ण क्रमांक सतरा. वजन चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम. द्यायचं : कोरं.

कोरं म्हणजे नुसतं सलाईन.

पेन आवरणावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या या खोलीत ती अकरा वर्षं काम करत होती. बाळंतिणींनी दान केलेल्या नाळेतून मूळपेशी वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या, गोठवून ठेवायच्या. भाजलेल्या माणसाच्या अंगातला दाह या पेशींनी कमी होतो का, याची चाचणी गेल्या वर्षापासून चालू होती. निम्म्या रुग्णांना पेशी, निम्म्यांना सलाईन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवायचा. दोन्ही पिशव्या सारख्याच झाकलेल्या, नळीसुद्धा झाकलेली. वरच्या मजल्यावर डॉक्टर, नर्स, नातेवाईक, कुणालाच पत्ता नसायचा. पत्ता असायचा तो फक्त या खोलीला, आणि या खोलीला रुग्णाचं नाव कधीच कळायचं नाही.

पण हे वजन तिला पाठ होतं. तीन दिवसांपूर्वी कारखान्यात बॉयलरचं दार उघडताना आगीचा लोट बाहेर आला आणि तिच्या धाकट्या भावाची छाती, मान, दोन्ही हात भाजले. त्याला आणलं तेव्हा ती धावत वर गेली होती. खाटेसकट वजन घेतलं, खाटेचं वजा करून नर्सने आकडा मोठ्याने वाचला. लहानपणापासून घरात ज्याला सगळे ढोल्या म्हणत, तो ओठ न हलवता म्हणाला होता, "एवढा भाजलो, तरी कमी नाही भरलं?" नर्सला हसावं की नाही कळेना.

काल डॉक्टरांनी भावजयीला समजावलं होतं. "आग विझली, पण अंगाला ते कळलेलं नाही. ते आतून झुंजतंय अजून. सूज वाढतेय, ती फुप्फुसांपर्यंत जायला नको. या पेशी तो भडका शांत करतील असं वाटतं. वाटतं म्हणतोय मी, खात्री असती तर चाचणी कशाला केली असती?" भावजयीने यातलं 'शांत करतील' एवढंच ऐकलं आणि सही केली.

ओळखीचा माणूस असेल तर काम दुसऱ्याकडे सोपवायचं असा नियम होता. दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती. आणि टेबलावर दुसरी पिशवी होती, अठरा नंबरची. वजन त्रेचाळीस किलो, द्यायचं : पेशी. त्या वितळवून झाल्या होत्या, तासाभरात वर जायला हव्या होत्या.

दोन पिशव्या, दोन आवरणं. आवरण बदलायला किती वेळ लागतो ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तिने अठरा नंबरची पिशवी हातात घेतली. वितळलेल्या पेशी तळाशी बसू नयेत म्हणून ती हलकेच उलटीपालटी करावी लागते. ती तसं करत राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्रेचाळीस किलो. म्हणजे कुणीतरी म्हातारी असेल. किंवा लहानखुरं कुणीतरी.

मग तिने कागदावर होतं तसंच दोन्हींवर लिहिलं, सही केली आणि घंटा वाजवून शिपायाला बोलावलं. तो पिशव्या घेऊन गेल्यावर ती हात धूत बसली. पाणी गार होतं, तरी नळ बंद करायचं तिला सुचेना.

दुपारी ती वर गेली. भावजय दारातच भेटली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिने केस विंचरले होते.

"ताई, दिलं बरं का औषध! पाऊण तास लागला. मी मिनिट मिनिट मोजत होते." भावजयीने तिचा हात घट्ट धरला. "आता मला काळजी नाही. तुमच्या हातचं आहे."

"माझ्या हातचं काय, मशीनचं असतं सगळं."

"असू दे. घरचं माणूस आत असलं की वेगळंच."

तिने मान हलवली. दुसरं काय करणार!

"जरा बसा त्याच्याजवळ," भावजय म्हणाली. "मी दोन घास खाऊन येते. आज खावंसं वाटतंय."

तोंडाला मास्क, अंगावर निळा झगा चढवून ती आत गेली. ढोल्याचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन फटी. हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशांवर ठेवलेले. शेजारच्या काचेपलीकडे कॉलेजातली असावी अशी एक मुलगी निजली होती. तिचा बाप खाटेपाशी उभा होता. खुर्ची होती, पण तो बसत नव्हता.

"ताई?"

"हं. दुखतंय का रे?"

"विचारू नकोस." त्याने श्वास घेतला. "दिलं ते. आता काय होईल?"

"सूज उतरेल. एकदोन दिवसांत फरक पडेल, नक्की."

फटींमधून तो तिच्याकडे बघतोय हे तिला जाणवलं आणि ती उगाचच चादरीची घडी नीट करू लागली.

"नक्की?" तो म्हणाला.

"हो, अरे."

"तू नक्की कधीपासून म्हणायला लागलीस?" शब्द एकेक करून येत होते. "दहावीला मी पास होईन का विचारलं, तर म्हणालीस बघू. लग्नाला मुलगी हो म्हणेल का, बघू. आईचं ऑपरेशन होतं तेव्हासुद्धा बघू."

कुणाला काय दिलं ते बोलायचं नव्हतंच, नियम होता तसा. पण नियमाच्या आड लपायला चेहरा लागतो, आणि मास्कमधून उरलेले दोन डोळे तिला सांभाळता येईनात.

ढोल्याने मान वळवायचा प्रयत्न केला. पट्ट्यांमुळे ती वळली नाही. तो छताकडे बघत राहिला.

"पाणीच ना?" शेवटी त्याने विचारलं.

"ढोल्या, मला काहीही—"

"बरं, बरं. नको सांगूस." पुन्हा श्वास. "त्या पेशींनीच बरं होतं असंही नाही ना? डॉक्टर म्हणाले, त्यांनाही माहीत नाही."

"नाही. कुणालाच माहीत नाही."

"मग झालं तर."

तिला त्याचा हात धरायचा होता. धरण्याजोगी जागा नव्हती. तिने खाटेचा लोखंडी कठडा धरला.

दार उघडलं. भावजय परत आली होती, झग्याचे बंद बांधत, अजून तोंड पुसत. ती वाकून त्याच्या कानाशी गेली.

"अहो, कसं वाटतंय?"

ढोल्याने फटी मिटल्या, उघडल्या.

"आग कमी झालीय जरा," तो म्हणाला. "गार वाटतंय आतून."

"खरंच?"

"खरंच. ताईला विचार."

भावजयीने तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा इतका उजळला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"होतो बऱ्याच जणांना असा फरक," ती म्हणाली.

"मी आईंना कळवून येते," भावजय म्हणाली आणि झगा अंगात तसाच असताना बाहेर पळाली. दार नीट लागलं नाही. बाहेरून तिचा आवाज येत राहिला, हसताना मधेच रडू फुटणारा, "हो, लागू पडलं... हो, पहिल्याच बाटलीला..."

ढोल्याचे दात एकमेकांवर दाबलेले होते. कपाळावर घाम आला होता.

"दार लाव, ताई," तो म्हणाला. "मला जरा कण्हायचंय."