मोसंबीच्या ताणाचे पान

मित्रांनो, जुनी छत्री, पडका किल्ला, शाळेची घंटा यांची मनोगते तुम्ही वहीत लिहिली असतील. माझे मनोगत लिहायला कोणत्या गुरुजींनी दिल्याचे ऐकिवात नाही, म्हणून मीच सांगते. मी एक जुनी वेबसाईट आहे. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, माझे पत्रे उडत नाहीत. त्यामुळे मी आतून किती खराब झाले आहे, हे बाहेरून कोणाला कळतच नाही. माझी सगळी रड तिथूनच सुरू होते.

माझा जन्म २००१ साली जालना जिल्ह्यातल्या अंबडला झाला. तिथे केशव नावाचा तरुण बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवत असे. हुशार होता, त्यात वाद नाही. त्याने मोसंबीच्या बागाईतदारांसाठी एक प्रोग्राम तयार केला आणि त्याचे नाव ठेवले 'बहार'.

मोसंबी भरघोस फुलावी म्हणून हिवाळ्यात काही दिवस तिचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. झाड जरा सुकते, थोडी पाने गाळते, आणि मग पाणी मिळाले की फुलांनी लगडते. प्रश्न एवढाच, की पाणी किती दिवस तोडायचे? हलक्या मुरमाड जमिनीला महिनाभराचा ताण पुरे होतो. काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, तिला दोन महिने लागतात. जमीन कोणती आणि झाडे किती वर्षांची हे सांगितले, की 'बहार' ताण कधी सुरू करायचा आणि कधी तोडायचा त्याच्या तारखा छापून देई. केशवने हा प्रोग्राम मागेल त्याला फुकट दिला. त्याचे हे चांगले काम मी नाकारत नाही.

पण तो वापरायचा कसा? पडद्यावर सगळे इंग्रजी, आणि जमिनीच्या जागी नुसता एक आकडा विचारलेला. एक म्हणजे कोणती जमीन आणि तीन म्हणजे कोणती, हे केशवलाच माहीत. लोक त्याला सारखे फोन करू लागले आणि तो वैतागला.

तेव्हा त्याची वहिनी उमा म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एकेकाला किती वेळा सांगणार? मी सगळं मराठीत लिहून देते. तुम्ही ते इंटरनेटवर टाका."

अशी मी जन्मले. उमा अंबडच्याच एका कचेरीत टायपिस्ट होती. कचेरीतून आली, कुकर लावला, की ती क्लासच्या रिकाम्या कॉम्प्युटरसमोर बसे. 'बहार' चालू करी, एक कळ दाबी, काय होते ते बघे, आणि मगच ती ओळ लिही. स्वतः करून पाहिल्याशिवाय तिने माझ्यावर एक शब्दही ठेवला नाही. मराठी फॉन्ट नसेल तर मी वाचणाऱ्याला नुसत्या वेड्यावाकड्या खुणांची दिसत असे. तो फॉन्ट कसा टाकायचा, हेही तिने पहिल्याच पानावर सांगितले. लिहून झाले की ती फ्लॉपी केशवच्या हातात देई आणि केशव सायबर कॅफेत जाऊन ती पाने माझ्यावर चढवी. पासवर्ड एकट्या केशवकडे होता. घरचाच माणूस, म्हणून त्याचे कोणाला काही वाटले नाही.

पहिली दोन वर्षे मी सुखात होते. कुंभार पिंपळगावात साहेबरावांचे कृषी सेवा केंद्र होते. बी-बियाणे आणि खतांच्या त्या दुकानात फोन होता, म्हणून मीही तिथवर पोचले. साहेबराव 'बहार' चालवून देत आणि माझी पाने छापून, प्लास्टिकमध्ये घालून, काउंटरमागच्या भिंतीला लावत. माझ्या तळाशी उमाने घरचा फोन नंबर दिला होता. कोणी तरी बदनापूरहून फोन करी, "ताई, तिसऱ्या पायरीनंतर काय दाबायचं ते सुटलंय." उमा लगेच बघे, चूक असली तर सांगणाऱ्याचे आभार मानी आणि आठवड्याच्या आत ते पान नीट होई. वेबसाईटला याहून जास्त काय हवे असते?

मग मला फोटोंची बाधा झाली. आपल्याकडे चांगले काम दिसले, की आधी त्याचा सत्कार होतो. माझाही झाला. २००३ च्या दसऱ्याला 'बहार'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा अंबडला मांडव पडला, पाहुणे आले, शाली आल्या, नारळ आले. गावोगावच्या ज्या कृषी केंद्रांत 'बहार' चाले, त्या सगळ्यांना नव्या आवृत्तीच्या सीड्या वाटल्या. माझ्या पहिल्या पानावर 'आमचे प्रेरणास्थान' आले, त्याखाली 'आमचे मार्गदर्शक' आले. हात जोडलेली माणसे एकाखाली एक अशी लागली, की प्रोग्राम कसा वापरायचा ते शोधायला वाचणाऱ्याला पार तळापर्यंत उतरावे लागे. उमाचे नाव त्यात कुठेच नव्हते. तिने ते मागितलेही नाही.

त्या नव्या आवृत्तीत केशवने जमिनीचे आकडे उलटे करून ठेवले होते. आधी हलक्या जमिनीला एक आणि भारी जमिनीला तीन असे. आता एक म्हणजे भारी झाली आणि तीन म्हणजे हलकी. का, तर त्याला ते तसे बरे वाटले. प्रोग्राम बदलला, पण माझे पान तसेच राहिले. उमाने सवयीप्रमाणे सगळे पुन्हा करून पाहिले आणि ती दचकलीच. तिने त्याच दिवशी पान दुरुस्त केले आणि फ्लॉपी केशवला दिली.

"भाऊजी, हे जल्दी टाका. हलक्या जमिनीवाल्यांनी जुनं बघून एक दाबलं, तर दुप्पट ताण बसेल."

"आजच टाकतो, वहिनी."

पण केशवचे डोके भलतीकडेच गुंतले होते. साहेबरावांचा त्याला निरोप आला होता, की पहिला कॉम्प्युटर माझ्या दुकानात लागला, पहिली बैठक माझ्या ओट्यावर झाली, तेव्हा माझा फोटो सगळ्यांत वर पाहिजे. केशवला हे भलतेच झोंबले. प्रोग्राम कोणाचा आणि फोटो कोणाचा! साहेबरावांनी वरच्या कोणाला मध्ये घालण्याआधीच आपला फोटो वर लावून टाकायचा, असे ठरवून तो कॅफेत गेला. त्याच्याकडे दोन फ्लॉप्या होत्या. एकीत त्याचा फोटो होता, दुसरीत उमाची पाने.

आधी त्याने फोटो लावला. त्या वेळी फोनच्या लाइनवरून फोटो मुंगीच्या पावलांनी येत असे. आधी केस आले, मग कपाळ, मग चष्मा. हनुवटीपर्यंत यायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात माझी सगळी पाने पाच वेळा चढली असती. आणि शाल पुरी होते न होते तोच लाइन गेली. केशवने थोडी वाट पाहिली आणि तो घरी आला.

"टाकलं का?" उमाने विचारले.

"टाकलं, टाकलं. झालं सगळं."

तिने विश्वास ठेवला. घरात इंटरनेट नव्हते, आणि दिराने सांगितल्यावर कॅफेत जाऊन पडताळा घेणे तिला बरे दिसले नाही.

कुंभार पिंपळगावच्या शिवारात झुंबरबाईची मोसंबीची बाग होती. नवरा रखमाजी दमेकरी, त्यामुळे शेत तिच्याच अंगावर होते. ज्वारीचे रान मोडून ही बाग लावली तेव्हा दिरांनी तिला वेड्यात काढले होते. पहिल्या उन्हाळ्यात तिने ती रोपे कळशीकळशीने पाणी घालून जगवली. सहा वर्षे झाली, झाडे अंगाने भरली, आणि आता त्यांचा पहिला बहार धरायचा होता. तिने कधी ताण दिला नव्हता. त्या भागात आधी बागा नव्हत्या, मग विचारणार कोणाला? ती साहेबरावांच्या दुकानात आली.

साहेबराव त्या वेळी मलाच उघडून बसले होते. वर कोणाचा फोटो लागला ते बघायला. केशवचा चेहरा बघून त्यांचे माथे भडकले होते.

"बघा, बघा! शाल पांघरून कसा बसलाय," ते म्हणाले. मग झुंबरबाईकडे वळले. "बोला मावशी. जमीन कोणती तुमची?"

"मुरमाड हाय. हलकी."

त्यांनी मी दाखवत होते ते पान छापून घेतले, त्यात बघून नव्या प्रोग्रामात एक दाबला आणि तारखांचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो कागद पदराखाली धरून नेला. मित्रांनो, मी सगळे बघत होते. ज्याला तोंड नाही त्याने बघावे तरी का?

डिसेंबर संपला. ज्या सुमारास तिने पाणी द्यायला हवे होते, त्या सुमारास ती पुन्हा दुकानात आली.

"भाऊ, लई पानं गळून राह्यली. दीर म्हणून राह्यले पाणी सोड. मी म्हणलं, आधी इचारून येते. हे बराबर हाय का?"

साहेबरावांनी तिचा कागद पाहिला, भिंतीवरचे माझे पान पाहिले. "बिलकुल बराबर हाय, मावशी. कागदावर अजून महिना हाय. इंटरनेटवर बी हेच हाय. घाई केली तर फुलं यायची न्हाईत."

ती परत गेली आणि तिने आणखी महिनाभर वाट पाहिली. ओळखीच्या दहा माणसांनी पाणी सोडायला सांगितले असते तरी कदाचित तिने ऐकले नसते, पण छापलेल्या अक्षरावर तिचा भरवसा होता. कागदावरची तारीख आली तेव्हा तिने पाणी सोडले. कडेच्या दोन ओळी हिरव्या झाल्या. बाकीच्या बागेत फांद्यांचे शेंडे वाळले, मग फांद्या वाळल्या, मग बुंधे.

फाल्गुनात ती एस.टी.ने अंबडला आली. हातात मोसंबीची वाळलेली फांदी होती. ती तिने केशवच्या क्लासमधल्या टेबलावर, कीबोर्डशेजारी ठेवली. उमा तिथेच बसली होती.

"साहेब, सारी बाग गेली. मी कागदावर होतं तसंच केलं, बिलकुल तसंच."

"मावशी, प्रोग्राम बरोबर आहे," केशव म्हणाला. "तुम्ही जमीन चुकीची सांगितली असेल."

"मुरमाड सांगितली. साहेबरावांनी पान पाहून एक दाबलं."

"एक?" उमा उठून उभी राहिली. तोवर क्लासमध्ये इंटरनेट आले होते. तिने मला उघडले. वरून केशवचा फोटो हळूहळू उतरला. ती खाली आली, आणि तिला आपलेच जुने वाक्य दिसले : हलकी जमीन असल्यास १ दाबा.

"भाऊजी, तुम्ही टाकलं म्हणालात."

"लाइन गेल्ती, वहिनी. फोटो टाकला, आन् मंग ते राहून गेलं."

"फोटो?" झुंबरबाईने विचारले. "कोनाचा फोटो?"

केशवने हात पुढे करून मला बंद केले.

त्याच संध्याकाळी केशवने माझ्यावर एक नवी ओळ टाकली : 'येथील माहितीच्या वापरामुळे होणाऱ्या नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही.' ही ओळ चढवताना लाइन अजिबात गेली नाही. उमाने विचारले, "आणि ते पान?" तर म्हणाला, "वहिनी, आता पान बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. जरा निवू द्या." उमा त्याच्याशी कधी नव्हे ते मोठ्याने बोलली. तो उठून बाहेर गेला. नंतर त्याने पासवर्ड बदलला, का तर साहेबराव किंवा आणखी कोणी आत शिरायला नको. उन्हाळ्यात त्याला पुण्यात नोकरी लागली आणि क्लासला कुलूप बसले.

फांदी घेऊन आली त्या दिवशी, क्लासमधून निघण्याआधी झुंबरबाई उमाला एवढेच म्हणाली होती, "माझं गेलं ते गेलं, बाई. ते पान तेवढं नीट करा. दुसऱ्या कोनाचं जाऊ नये."

उमाने खूप प्रयत्न केले, ते मी पाहिले आहेत. ती पुण्याला फोन करी, आणि दीर म्हणे, "रविवारी बघतो." असे किती तरी रविवार गेले. शेवटी एके दिवशी त्याने सांगितले, "वहिनी, तो पासवर्ड आता मलाच आठवत न्हाई." तेव्हा उमाने एस.टी. धरली. सुटीच्या दिवशी ती एकेका गावच्या केंद्रात गेली आणि भिंतीवरचे माझे पान स्वतः समोर उभे राहून काढायला लावले. साहेबरावांनी तिला चहा दिला. त्यांनी ते पान आधीच काढले होते, आणि फोटोचे नावही काढले नाही. झुंबरबाईने बाग तोडली. चार दिवस तिच्या अंगणात मोसंबीच्या सरपणाचा ढीग होता. आता त्या रानात पुन्हा ज्वारी असते आणि दीर तिला दर सणाला बागेची आठवण करून देतात.

उमा जिथे पोचली तिथे पोचली. मी मात्र साऱ्या जगात पोचते. एस.टी. जाते त्याच्या कितीतरी पुढे.

मित्रांनो, सगळ्या जुन्या वस्तू तुमच्याकडे एकच मागतात, आम्हाला जपा. मला जपू नका. तुमच्यापैकी कोणी उद्या असे काही लिहिणार असेल, तर लिहिण्याचे कौतुक कमी करा आणि लिहिलेले पुसायला शिका. जे काम दहा जणांच्या भरवशाचे आहे, त्याची किल्ली एकाच्या खिशात ठेवू नका. आणि ज्याला खरोखर माझी दया येत असेल, त्याने कसेही करून माझ्यातले ते एक पान मिटवावे. सगळी मीच मिटले तरी माझी तक्रार नाही.

कारण मी अजून चालू आहे. परवाच कोणी तरी मला उघडले. केशवचा फोटो पुरा येईपर्यंत तो थांबला, मग खाली उतरला, ताणाचे पान सावकाश वाचले आणि छापून घेतले. कुठल्या गावचा होता, ते मला कळले नाही. त्याची जमीन हलकी नसू दे.