कॉमन प्लॉटमधले पत्र्याचे वाफे

बडोद्याच्या अकोट्यातल्या सुवर्णरेखा सोसायटीच्या मधोमध एक कॉमन प्लॉट आहे. नकाशात त्याच्यावर 'मुलांना खेळण्यासाठी' असं लिहिलेलं आहे. मुलं मोठी झाली, कॅनडाला गेली, आणि त्यांच्या जागी आईवडिलांनी मोटारी आणून ठेवल्या. सुरुवातीला एकच होती, जयंतीभाईंची, पांढरी, दुकानाच्या शटरएवढी रुंद. तिला एकटं वाटू नये म्हणून मग आणखी आल्या.

संजीव कर्णिक हे सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेला, हिशेब येणारा आणि नाही म्हणता न येणारा माणूस सोसायटीला हवा होता, तो मिळाला. त्यांचे पणजोबा संस्थानच्या मोजणी खात्यात होते. तेव्हापासून या घराण्यात मोकळी जागा दिसली की हात आपोआप टेपकडे जातो. मोटारींबद्दल कर्णिकांनी आधी नोटिसा लावून पाहिल्या. जयंतीभाईंनी त्या मन लावून वाचल्या आणि गाडी नोटीस बोर्डाला लागून उभी केली. कागदाने मोटार थांबत नाही, पत्र्याने थांबते, हे कर्णिकांना तेव्हा कळलं.

मीटिंगमध्ये अर्थात ते पत्रा म्हणाले नाहीत. विषमुक्त भाजी म्हणाले. सोसायटीची स्वतःची परसबाग, जमिनीपासून उंच असे पत्र्याचे वाफे, वेलांसाठी मांडव, प्रत्येक घराला ताजी भेंडी. विषमुक्त भाजीच्या विरोधात हात वर करणारा माणूस बडोद्यात अजून जन्माला यायचा आहे. बागेचा खरा हेतू सगळ्यांना कळला होता, जयंतीभाईंना सर्वांत आधी. पण सभ्य माणसाला पेचात पकडायचं तर भाजीसारखं हत्यार नाही. त्यांनी अनुमोदन दिलं.

बागेचा आराखडा करायला कर्णिकांना पूर्ण एप्रिल लागला. मार्गदर्शन एका थंड देशातल्या बाईंचं होतं. त्या स्वेटर घालून मोबाइलच्या पडद्यावर यायच्या आणि आनंदाने सांगायच्या, की पत्र्याच्या वाफ्याचा मोठा फायदा म्हणजे माती लवकर गरम होते.

"हा फायदा नको असेल तर नाही म्हणता येतं का?" स्वयंपाकघरातून मालविकाताईंनी विचारलं. मालविकाताई म्हणजे कर्णिकांच्या पत्नी. बाहेर बेचाळीस डिग्री होतं.

कर्णिकांनी स्वेटरवाल्या बाईंशी तिथे फारकत घेतली. वाफ्यांना आतून गोणपाटाचं अस्तर लावलं, बाहेरून पांढरा रंग दिला. बाईंनी मांडव उत्तरेला सांगितला होता, तो त्यांनी पश्चिमेला घेतला, कारण बडोद्याचं दुपारी चारचं ऊन बाईंनी पाहिलेलं नव्हतं. मकरपुऱ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून कमरेएवढे उंच सहा वाफे करून घेतले आणि ते दोन-दोनच्या जोड्यांनी प्लॉटच्या मधोमध मांडले. मध्ये एवढीच वाट सोडली की टोपली घेतलेला माणूस जाईल आणि मोटारीचा आरसासुद्धा जाणार नाही. सातवा वाफा लांबलचक, पश्चिमेच्या भिंतीला टेकून. त्याच्यावर लोखंडी अँगलची चौकट उभी केली, तिला जाळी ताणून बांधली, आणि तिच्यावर दुधी आणि वालपापडी चढवली. माती डभोईकडून ट्रॉलीने आली. जयंतीभाईंची गाडी बाहेर रस्त्यावर निंबाखाली गेली आणि तिथल्या कावळ्यांनी तिला आपलं मानलं.

आराखड्यातली सर्वांत देखणी गोष्ट मात्र फाटकाजवळ होती. तिथे कर्णिकांनी एक मोकळा चौकोन राखून ठेवला होता, गणपतीच्या मांडवासाठी. त्यात मूर्तीची जागा होती, आरतीला उभं राहणाऱ्यांची जागा होती, आणि एका कडेला चपलांची जागा होती.

बाग लागली. श्रावणात भेंडी आणि गवार घरोघर गेली. दुधी तर इतका आला की लोक फाटकातून शिरताना मान खाली घालून चालू लागले, कर्णिकांची नजर पडली तर हातात दुधी पडेल म्हणून. सगळ्यांचा जीव पापडीत होता, ती संक्रांतीच्या उंधियूत पडणार म्हणून. जयंतीभाई रोज सकाळी गाडीवरचा कावळ्यांचा अभिप्राय पुसून झाला की आत येत आणि हात मागे बांधून वेलाची पाहणी करत.

"साहेब, उत्तरायणला उंधियू आपल्याच पापडीचं. बाजारातली आणायची नाही. मी घरी सांगून टाकलंय."

"दाणा भरायला थंडी पडावी लागते," कर्णिक म्हणत.

"पडू दे ने. आपण क्यां जाणार आहोत."

गणपती चौकोनात बोट घालायला जागा राहू नये इतका बरोबर बसला. चपलासुद्धा ठरल्या जागी निघाल्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कर्णिक वांग्याची पिवळी पानं खुडत होते, तेव्हा चार नंबरच्या हर्षिदाबेन काठी टेकत वाफ्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"संजीवभाई," त्या म्हणाल्या, "गरबा क्यां करशुं?"

"कुठे म्हणजे? नेहमीच्या..." असं म्हणत कर्णिकांनी नेहमीच्या जागेकडे पाहिलं. तिथे वांगी होती.

सुवर्णरेखाचा गरबा हर्षिदाबेन गातात. डीजे नाही, पास नाही, कपड्यांचं बक्षीस नाही. सत्तरी ओलांडल्यापासून गुडघ्यांमुळे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कडेला बसतात, एक ओळ गातात, आणि गोल फिरणाऱ्या बायका टाळ्यांवर ती उचलतात. तरुण पोरं पास काढून मोठ्या मैदानांवर जातात. तिथे गाडी लावल्यापासून आत पोचेपर्यंत जेवढं चालावं लागतं, तेवढं हर्षिदाबेन आठवड्यातही चालत नाहीत. त्या एकदाच गेल्या होत्या आणि गेटवरून परत आल्या होत्या. त्यांच्यासाठी नवरात्र म्हणजे हा प्लॉट.

कर्णिकांचंही नवरात्रात काम असे. ते आपल्या ओट्यावर बसून मीटरच्या फ्यूजवर लक्ष ठेवत. लग्नाआधीपासून या सोसायटीत राहून त्यांनी गरब्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि जिथे आपण पाऊल टाकत नाही ती जागा नकाशात येत नाही.

"तू आराखडा पाहिला होतास ना?" घरी येऊन त्यांनी मालविकाताईंना विचारलं. मालविकाताई दरवर्षी गरब्यात असत.

"पाहिला होता की. मला वाटलं, तुम्ही विचार केला असेल. तुम्ही चपलांचासुद्धा विचार केला होता."

कर्णिकांनी टेप घेतली आणि ते खाली उतरले. गणपतीच्या चौकोनात त्यांनी खडूने वर्तुळ काढून पाहिलं. त्यात आठ बायका मावत होत्या, तेही कोणी टाळी वाजवली नाही तर. मग त्यांनी दोन समांतर रेषा आखल्या आणि हर्षिदाबेनना बोलावून आणलं.

"समजा, दोन ओळीत केला तर?"

हर्षिदाबेननी रेषांकडे पाहिलं. "भाई, ओळीत तर मी रेशनला उभी राहते. माताजी गोल फिरवते."

पितृपक्षात नवं काही ठरवू नये म्हणतात, पण पुढे नवरात्रच असल्यामुळे मीटिंग पितृपक्षातच घ्यावी लागली. सगळे गणपतीच्या चौकोनात खुर्च्या टाकून बसले. मधले सहा वाफे मातीने काठोकाठ भरलेले, नवरात्रापर्यंत ते रिकामे करून हलवणं अशक्य होतं. मालविकाताईंनी उभं राहून सांगितलं, की वाफे हलवायची गरजच नाही. त्यांच्याभोवती फिरता येईल. फक्त पश्चिमेला वाफे आणि मांडव यांच्यात टोपलीपुरतीच वाट आहे, तिथे गरबा अडकेल. सातवा वाफा आणि मांडव काढला, की भिंतीपर्यंत जागा मोकळी.

"मांडव काढायचा?" जयंतीभाई म्हणाले. "पापडीला फुलं आली आहेत."

"हो, दिसतात ती," मालविकाताई म्हणाल्या.

"फुलावर आलेला वेल उपटायचा म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते सगळ्यांच्या पोटात पुरं झालं.

मग सूचना निघाली, की या वर्षी सगळ्यांनी पास काढावेत. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी पापडी दुसरीकडे लावू. ही सूचना वाजवी होती. बारा नंबरवाल्यांनी तर ग्रुपमध्ये पास स्वस्त कुठे मिळतात तेही सांगितलं. माना डोलू लागल्या. कर्णिकांचीही जराशी डोलली. मांडव त्यांच्या आराखड्यातला असा भाग होता, जो त्यांनी स्वेटरवाल्या बाईंचं न ऐकता स्वतःच्या अकलेने केला होता, आणि तोच सर्वांत चांगला जमला होता.

"शरद पूनमचे दूध-पौंवे पण एकाच वर्षासाठी बंद केले होते," हर्षिदाबेन म्हणाल्या.

कोजागिरीच्या रात्रीचे ते दूध-पोहे कधी बंद केले होते, हे कोणालाच सांगता आलं नाही.

"हरकत नाही," त्या काठी शोधत म्हणाल्या. "मी घरात बसून गाईन. मला सवय आहे एकटीने बोलायची. तुम्ही तुमचं उंधियू खाजो."

त्या गेल्यावर मीटिंग निर्णय न घेता संपली. निर्णय झाला होता, फक्त तो आपण घेतला असं कोणाला म्हणायचं नव्हतं. ते इतिवृत्तात लिहिण्याचं काम सेक्रेटरींचं होतं.

सेक्रेटरींनी इतिवृत्त लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते पाना घेऊन खाली उतरले. जाळीच्या तारा सोडवताना त्यांनी आधी वेल अलगद सुटा करायचा प्रयत्न केला. पापडीचा वेल असा सुटा होत नाही. त्याने प्रत्येक चौकटीत हात घातलेला असतो. थोड्या वेळाने त्यांनी कात्री आणली.

मालविकाताई वरून पाहत होत्या. "मीटिंगमध्ये तर तुमची मान हलत होती."

"हलत होती. वाऱ्याने."

जयंतीभाई गाडी पुसून आत आले आणि जमिनीवर पडलेली जांभळी फुलं पाहून उभे राहिले.

"साहेब, ठराव झाला नव्हता."

"माहीत आहे."

"मी तक्रार करू शकतो."

"सेक्रेटरीकडे करा. लेखी."

जयंतीभाईंनी वेलाचं एक टोक उचललं, हातात घोळवलं, परत ठेवलं. मग बाह्या वर करून म्हणाले, "तो बोल्ट असा नाही निघायचा. तुम्ही वरून धरा." चौकट खाली घेताना ते आईबापाच्या नावाने काहीतरी पुटपुटले, ते चौकटीला उद्देशून असावं. सातवा वाफा दोघांनी मिळून उपसून रिकामा केला, पत्रा बाजूला नेला आणि दुधीचा वेल मुळांसकट शेजारच्या वाफ्यावर नुसता टाकून दिला. पापडी संध्याकाळपर्यंत सुकली. दुधी जगला. दुधी जगतोच.

नवरात्रापूर्वी कर्णिकांनी रबरी पाइप उभा चिरला आणि सगळ्या वाफ्यांच्या कडांवर बसवला, पत्र्याने कोणाच्या चणियाचा घेर फाटू नये म्हणून. कोपऱ्यांना गोणपाट गुंडाळलं. पहिल्या दिवशी मालविकाताईंनी घरी घट बसवला, रात्रीचं आवरलं आणि त्या खाली आल्या.

गरबा सुरू झाला. तो गोल नव्हता, लांबट होता, एसटीच्या मार्गासारखा, पण पश्चिमेच्या भिंतीजवळून बायका भरभर पार होत होत्या. अडचण वेगळीच निघाली. हर्षिदाबेन फाटकाकडे खुर्चीवर बसून गात होत्या आणि मध्ये सहा वाफे होते, त्यात माणसाएवढी भेंडी होती. पलीकडच्या बाजूला आवाज नीट पोचेना. तिकडच्या बायका अंदाजाने ओळ उचलत, ती अर्धी ओळ मागे पडे. इकडे टाळी, तिकडे टाळी, आणि दोन्ही टाळ्यांची भेट होईना. फेरा अडखळत थांबला. कोणीतरी म्हणालं, माइक आणा. माइक सोसायटीचा होता, आणि तो गणपतीनंतर बिघडलेला होता.

हर्षिदाबेननी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या दाबत त्या उठल्या, दोन पावलं टाकून पहिल्या वाफ्यापाशी पोचल्या आणि त्याच्या कडेवर तळहात ठेवला. वाफा कमरेएवढा होता. जरा थांबून त्यांनी ओळ घेतली आणि चालायला सुरुवात केली. वाफा संपला की त्यांचा हात हवेत एक क्षण थांबे आणि पुढच्या वाफ्यावर पडे. बायका बाहेरच्या बाजूने त्यांच्या चालीने फिरू लागल्या, म्हणजे फार हळू. आवाज आता गरब्याबरोबर जात होता.

कर्णिक ओट्यावर फ्यूजपाशी होते. ते लगबगीने खाली आले, रिकामी खुर्ची उचलली आणि हर्षिदाबेनच्या मागोमाग चालू लागले, बाई कुठेही थकल्या तर टेकवता यावी म्हणून. खुर्ची दोन्ही हातांत, समोर धरलेली. मागच्या बायकांना त्यांच्यामुळे पाऊल आखूड टाकावं लागत होतं.

"जीजाजी, ताल धरो," मागून मालविकाताईंची कोणी मैत्रीण म्हणाली.

"मी गरब्यात नाही," कर्णिक म्हणाले. "मी खुर्ची घेऊन चाललोय."

भिंतीकडच्या बाजूला हर्षिदाबेन थांबल्या. कर्णिकांनी खुर्ची खाली टेकवली. हर्षिदाबेननी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं, मग कर्णिकांकडे पाहिलं, दम घेतला आणि नवीन गरबा घेतला, जरा जलद.

कर्णिकांनी खुर्ची परत उचलली. दुसऱ्या फेऱ्याला मालविकाताई त्यांच्या शेजारी आल्या.

"ठेवा की ती आता खाली. नाही लागत त्यांना."

"लागली तर?"

"मग आणा."

"म्हणजे परत इथपर्यंत यायचंच," कर्णिक म्हणाले, आणि खुर्ची तशीच धरून पुढच्या वाफ्याला वळले.