मधला स्पीकर

घराचा खरा चेहरा टीव्हीच्या कपाटामागे असतो, हे माझं एकवीस वर्षांच्या धंद्यानंतरचं मत आहे. समोर चकचकीत काच, आणि मागे कापलेली नखं, केसांचे पुंजके, झुरळांची अंडी. त्या घरात तर कुणीतरी अर्धवट चोखून टाकलेली लाल गोळी होती. ती माझ्या कोपराला चिकटली. ओढून काढली तेव्हा कुणाचा तरी लांब केस तिच्यासोबत आला.

घरमालक माझ्या डोक्याशी उभा राहून मोबाइल बघत होता. नवा डिस्क प्लेअर आणि नवा मोठा टीव्ही, दोन्ही त्याला होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडून हवे होते. जुनी जोडणी त्याची स्वतःची. "मी सगळं माझ्या हातानं केलंय," त्यानं तीनदा सांगितलं. न सांगताही ते दिसत होतं. वायरींचा गुंता, गुंत्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर मेलेली माशी. असे उंटावरचे शहाणे आहेत म्हणून माझी चूल पेटते हे कबूल, पण म्हणून त्यांच्याबद्दल माया वाटावी असं काही नाही.

खिडकीपाशी खुर्चीत त्याचे वडील बसले होते. इस्त्रीचा सदरा, कानात यंत्र, मांडीवर हात.

"बाबांना ऐकू येत नाही," मालक म्हणाला. "टीव्हीवर कोण काय बोलतंय ते कळतच नाही. रोज आपलं एकच, बोलणं ऐकू येत नाही, बोलणं ऐकू येत नाही. डोकं उठवलं नुसतं. शेवटी दुकानातून यंत्र आणलं आणि घातलं कानात."

मी वाकून म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडलो, "नमस्कार काका!" ते दचकून मागे सरले. यंत्राचा आवाज मोठा करून ठेवला असेल, असं मला वाटलं.

जेवणाच्या टेबलावर एक टाइप केलेलं पत्र पडलं होतं. सहीची जागा रिकामी होती. मी विचारलं नव्हतं तरी मालकानं सांगितलं. बाबा संगीत विद्यालयातले पियानो सुरात लावायचे. चौदा पियानो, चौतीस वर्षं. आता कान गेले म्हणून काम सोडतो, असं ते पत्र होतं. पाच वाजता विद्यालयाचा कारकून येऊन पत्र आणि पियानोच्या खोलीच्या चाव्या घेऊन जाणार होता. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाबा सही करायला कां-कूं करतायत. पण बहिरा माणूस सूर काय लावणार? लोक हसायचे. घरी राहिले तर निदान पार्सलं तरी घेतील."

"त्यासाठी बेल ऐकू यायला नको का?" सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, आणि दोघं हसले. चांगलं मोठ्यानं बोलणं चाललं होतं, म्हातारा चार हातांवर असताना. गिऱ्हाईक हसलं की हसायचं ही माझी धंद्यातली सवय, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

जोडणी तशी सोपी. प्लेअरची वायर रिसीव्हरच्या पाठीत जाते आणि रिसीव्हरची टीव्हीत, म्हणजे चित्र टीव्हीवर दिसतं आणि आवाज पाच स्पीकरमधून निघतो. चॅनेलांचा आवाजही टीव्हीकडून रिसीव्हरकडेच येतो. सगळं लावून मी एक डिस्क घातली. कोर्टाचा सिनेमा होता. पाऊस कोसळला, दार धाडकन आपटलं, व्हायोलिन वाजलं. वकील उभा राहिला, हातवारे करू लागला, ओठ हलले, आणि शब्द एकही नाही. खाली अक्षरं मात्र सरकत होती.

"बोलणं कुठाय?" मी विचारलं.

"खाली येतंय की लिहून."

सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. यांचा मधला स्पीकर टीव्हीखाली ऐटीत बसवलेला होता. मागून बघितलं तर त्याची दोन्ही भोकं रिकामी. रिसीव्हरकडून आलेली वायर वीतभर अलीकडेच संपली होती आणि तिच्या टोकाला चिकटपट्टीची पगडी होती. रिसीव्हर सिनेमाच्या मोडवर, त्यामुळे बातम्यांचं बोलणंही त्याच रिकाम्या भोकांकडे जात होतं.

"ही वायर अशी का सोडलीत?"

"पुरत नव्हती. म्हटलं, पाच काय नि चार काय."

"कधी बसवलंत हे?"

"झाले आठ महिने."

"आणि काकांना कधीपासून ऐकू येत नाही?"

"तेही आठेक महि…" तो थांबला.

"आठ महिने तुम्ही बोलणं न ऐकता सिनेमे बघितले?"

"हातात मोबाइल असतो ना आमच्या," सून म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मला मघाची गोळी परवडली, असं झालं. अख्ख्या घरात टीव्ही खरोखर ऐकणारा एकच माणूस होता, आणि यांनी त्यालाच बहिरा ठरवला. स्वतःच्या आळसावरची चिकटपट्टी बापाच्या कानावर मारली.

मी पिशवीतून नवी वायर काढली, टोकं सोलली, स्पीकरला लावली. वकिलाला वाचा फुटली. "साक्षीदार खोटं बोलतोय!" तो गरजला, आणि म्हातारा खुर्चीत ताठ झाला. त्यानं कानातलं यंत्र काढलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

मग म्हणाला, "उजव्या स्पीकरमधून गुणगुण येतेय. अगदी बारीक."

मी उजव्या स्पीकरला कान लावला. काही नाही. सिनेमा थांबवून पुन्हा कान लावला, तेव्हा कुठे ऐकू आली. माझीच एक पिन नीट बसली नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्यांनी ती पकडली होती.

मी मालकाकडे वळलो. "साहेब, काकांच्या कानाला काही झालेलं नाही. आधी विद्यालयात फोन करा. पत्र थांबवा."

"काय सांगू फोन करून?" त्याचा आवाज चढला. "वायर लावायची राहिली म्हणून बापाला बहिरा केला, असं सांगू? माझ्या तोंडाला काळं फासून घेऊ? त्यांनी दुसरा माणूस बघितलाय, सगळं ठरलंय. तुम्ही एक करा, ती मधली वायर परत काढून ठेवा. आजचा दिवस. बाबांना काही बोलू नका, सही झाली की लावू."

हे सगळं भर खोलीत, मोकळ्या गळ्यानं, बापाच्या देखत. सवयच तशी पडली होती त्याला.

"अहो, हळू बोला!" सून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी पक्कड पिशवीत टाकली. वायरीला हात लावला असता तर माझा हात धुऊनही स्वच्छ झाला नसता.

बेल वाजली. म्हातारेबुवा आमच्या कुणाच्याही आधी उठले आणि त्यांनीच दार उघडलं. कारकून वेळेवर आला होता. तो वाकून ओरडला, "आजोबा! पत्र! आणि चाव्या!"

"ओरडू नका, मला ऐकू येतं," ते म्हणाले. "मी सही केलेली नाही, करणारही नाही. सोमवारी येतो म्हणून सांगा. वरच्या मजल्यावरचा काळा पियानो सुरातून उतरलाय, आधी त्याला हात लावीन."

कारकून माझ्याकडे, मालकाकडे बघत निघून गेला. म्हाताऱ्यांनी दार लावलं.

"बाबा," मालक चाचरत म्हणाला, "म्हणजे तुम्हाला इतके दिवस… आमचं बोलणं…"

"ऐकू येत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

ते मुलाकडे वळले. रागावलेले दिसत नव्हते.

"मला वाटायचं, आपले कान गेलेत, आपण भलतंच काहीतरी ऐकतोय," ते म्हणाले. "माझा मुलगा असं बोलणार नाही."