बेअरिंगचा आवाज

तिसऱ्यांदा विमान खाली गेलं आणि पोट वरच राहिलं. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली.

"काका, ती सीट धरून काय होणार? ती पण आपल्याबरोबरच पडणार," शेजारचा म्हणाला. फरशी बसवणारा माणूस, सुट्टी संपवून कामावर निघालेला. त्याची ही पाचवी खेप. माझी पहिली.

"पडणार म्हणू नका हो."

"बरं, उतरणार म्हणतो. जरा घाईत."

मी काही हसलो नाही. माणूस वाईट नव्हता. मी आपला इंजिनाकडे कान लावून बसलो. तीस वर्षं पंप दुरुस्त करतोय. मशीन नीट चालतंय असं कानाला कळलं की मला धीर येतो. पण इथे नुसती घरघर. आतलं काही कळेना.

हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा. माझा लाकडी दांड्याचा लांब स्क्रूड्रायव्हर सकाळी तपासणीत काढून घेतला. त्याचं टोक चालत्या पंपावर टेकवायचं, दांडा कानामागच्या हाडाला लावायचा, मग आतलं बेअरिंग स्वतःच सगळं सांगतं. तपासणीवाल्या बाईला म्हटलं, "ताई, हत्यार नाही हो, हा माझा कान आहे."

"कान मोठ्या बॅगेत टाकायचा होता ना, काका. ती तर गेली पुढे," असं म्हणून तिने तो डब्यात टाकला. खणकन वाजला.

पोरगा लहान असताना शर्ट वर करून समोर उभा राहायचा. "बाबा, माझं बेअरिंग बघा." मी टोकावर अंगठा धरून ते त्याच्या छातीला लावायचो आणि तोंड वाकडं करायचो. "घासतंय रे. खाऊचं ग्रीस भरावं लागेल." मोठा झाला, परदेशात बांधकामावर गेला, तरी फोनवर पहिलं वाक्य तेच. "बाबा, बेअरिंग ठीक आहे." मग बाकीचं.

सोमवारी त्याच्या नंबरावरून दुसराच कुणीतरी बोलला. पोरगा परांचीवरून पडला. डोक्याला मार. मंगळवारी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलायचा आणि एक बाई ते मला सांगायची. "श्वास मशीन देतंय. स्वतःचा आहे की नाही, सांगता येत नाही. मशीन काढायचं का, ते तुम्ही येऊन ठरवा. सही वडिलांची लागेल."

बायकोला मी सांगितलं, पाय मोडलाय.

तिने रात्रीतून त्याचा जुना पायजमा शोधला आणि प्लास्टरवरून चढावा म्हणून एका पायाची शिवण उसवून ठेवली. "डावाच ना?" तिने विचारलं.

"डावाच," मी म्हणालो.

तो पायजमा आता माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. शेजाऱ्याने टोकल्यापासून विमान हादरलं की मी पिशवीच धरत होतो.

शेजाऱ्याने एक कागद पुढे केला. "हा भरावा लागतो. द्या, मी लिहितो. कशासाठी आलात? काम, फिरायला, की नातेवाईकांना भेटायला?"

"भेटायला."

"कोण?"

"मुलगा."

"मजा आहे मग. किती दिवस राहणार?"

मी पिशवी जवळ ओढली. त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवी धरलेल्या हातांकडे बघितलं, आणि ती जागा कोरीच ठेवली. मग उतरेपर्यंत त्याने एकही चेष्टा केली नाही.

पंपाचं एक असतं. विजेची लाईन चालू असते तोवर खराब बेअरिंगसुद्धा फिरतं. मोटर त्याला ओढत असते. खरं काय ते लाईन काढल्यावर कळतं. खटका पाडायचा आणि ऐकत राहायचं, आपलं आपण किती फिरतंय. हजारदा केलंय मी हे.

दणका बसला, चाकं टेकली, विमान धावत धावत एका जागी उभं राहिलं. मग इंजिन बंद केलं. माणसं उठली, सामान काढायला लागली.

शेजाऱ्याने त्याचं पेन माझ्या हातात दिलं. "ठेवा हे. पुढे खिडकीवर सही मागतात." मी ते स्क्रूड्रायव्हरच्या खिशात लावलं. वजनच नव्हतं त्याला.

"चला काका. बंद झालं."

"थांबा जरा," मी खिडकीला कान लावून म्हणालो. "अजून फिरतंय."